अलाम्ब्रा बघताना: तिकिटावरची वेळ नेमकी कुठल्या दाराची?

स्पेनची सहल आखताना मी आधी अलाम्ब्राचं, म्हणजे ग्रॅनडा शहरातल्या सुलतानांच्या जुन्या किल्ल्याचं आणि महालांचं, तिकीट काढते, मग ग्रॅनडातलं हॉटेल, आणि शेवटी माद्रिदहून जायची रेल्वे. बरेच जण नेमकं उलटं करतात. हॉटेल आणि रेल्वे पक्की झाल्यावर तिकिटाच्या साइटवर जातात, तर त्या दिवसाचा रकाना रिकामा! आतल्या नासरी महालांत, म्हणजे नासरी घराण्यातल्या सुलतानांच्या राजवाड्यांत, दर अर्ध्या तासाला साधारण तीनशेच माणसं सोडतात. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडची शाळेची सुट्टी आणि तिथला ऐन हंगाम, त्यामुळे सकाळच्या वेळा कित्येक आठवडे आधीच संपलेल्या असतात. दोन-तीन महिने हाताशी ठेवून बसावं, हा माझा हिशोब.

शब्दाबद्दल एक: आपण अल्हाम्ब्रा लिहितो, पण स्पॅनिशमध्ये ‘h’ हे अक्षर लिहितात, उच्चारत नाहीत. बसवाल्याला ‘अलाम्ब्रा’ म्हटलं की लगेच कळतं.

तिकीट विकणारी अधिकृत संस्था म्हणजे ‘पात्रोनातो दे ला अलाम्ब्रा इ हेनेरालीफे’. गूगलवर शोधलं की आधी जाहिराती येतात, त्यातल्या बहुतेक मध्यस्थांच्या. दर दुप्पट दिसला, की आपण चुकीच्या पानावर आहोत हे ओळखायचं. अधिकृत दिवसाचं तिकीट वीस युरोंच्या आसपास असतं.

तिकिटांचे प्रकार नीट वाचावे लागतात. ‘अलाम्ब्रा हेनेराल’ म्हणजे सगळं: नासरी महाल, अल्काथाबा हा किल्ला आणि हेनेरालीफेची बाग. ‘हार्दीनेस’, म्हणजे बागा, असं लिहिलेलं तिकीट स्वस्त असतं आणि शेवटपर्यंत शिल्लक राहतं; कारण त्यात नासरी महाल नसतात. ज्या नक्षीसाठी एवढं लांब जायचं, तीच त्यात नाही. घाईत हेच तिकीट काढून बसलेली मंडळी महालाच्या दाराशी हमखास दिसतात. रात्रीचं तिकीट वेगळं. त्यात एकतर महाल मिळतात नाहीतर बागा, दोन्ही नाहीत.

आता फॉर्म. इथे मराठी माणसाची खरी परीक्षा. तिकीट नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं, प्रत्येक माणसाचं वेगळं. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं, त्यामुळे त्यांच्या डोक्यात नावाची मांडणी तशी. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. मग मधलं नाव कुठे घालायचं? पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’समोर जे छापलंय ते जसंच्या तसं पहिल्या रकान्यात, आणि ‘सरनेम’समोरचं आडनावाच्या रकान्यात. वडिलांचं नाव बहुतेकांच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्येच जोडलेलं असतं, ते तिथेच राहू द्यावं, दुसरं आडनाव करू नये. लग्नानंतर आडनाव बदललं पण पासपोर्ट जुनाच असेल, तर पासपोर्टवरचंच नाव. आधार कार्डावर काय आहे याच्याशी तिथे कुणाला देणंघेणं नाही.

कागदपत्राच्या प्रकारात आधीपासून बहुतेक स्पॅनिश ओळखपत्र निवडलेलं असतं, ते बदलून ‘पासापोर्ते’ करायचं. भारतीय पासपोर्टचा क्रमांक एक अक्षर आणि सात आकडे असा असतो. फॉर्म भरताना पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी बाहेर दिलेला असू शकतो आणि क्रमांक फोटोवरून उतरवावा लागतो. पहिलं अक्षर सोडलं तर पुढे सगळे आकडेच, म्हणजे मध्ये गोल दिसलं की ते शून्य. दरम्यान पासपोर्ट नवा करून घेतला, तर रद्द केलेला जुनाही बरोबर न्यावा. तिकिटावर त्याचा क्रमांक आहे आणि नव्याशी तो जुळणार नाही.

बारा वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत, पण तिकीट लागतं. ते मोठ्यांच्याच व्यवहारात काढावं. नंतर काढू म्हटलं आणि त्या वेळेच्या जागा संपल्या, तर आई-बाबा आत आणि पोरगं बाहेर. ज्येष्ठ नागरिकांची सवलत दिसली की आपला हात तिकडे जातो; ती युरोपीय संघातल्या ज्येष्ठांसाठी आहे. पुण्याच्या आजोबांचं तिकीट पूर्ण दरानंच काढायचं.

पैसे भरताना कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का, हे आदल्या दिवशीच बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघून ठेवते. व्यवहार तिथे अडकला की ओटीपी येईपर्यंत निवडलेली वेळ हातातून जाते, आणि सहा जणांची नावं-क्रमांक पुन्हा भरावे लागतात. म्हणून सगळ्यांची माहिती आधी एका चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि मगच साइट उघडायची. एकदा काढलेलं तिकीट बदलून मिळणार नाही, पैसेही परत येणार नाहीत, असं धरूनच तारीख निवडावी. व्हिसाचा भरवसा नसेल तर ही जोखीम आपली.

आता शीर्षकातला प्रश्न. तिकिटावर समजा 10:30 छापलंय. ही वेळ अलाम्ब्राच्या फाटकाची नाही, आतल्या नासरी महालांच्या दाराची आहे. 10:30 ते 11 या अर्ध्या तासात त्या दारातून आत शिरायचं. एकदा शिरलं की किती वेळ थांबायचं याला बंधन नाही, पण अकरा वाजून गेल्यावर ते दार आपल्यासाठी उघडत नाही. लोक 10:25 ला वरच्या तिकीट खिडक्यांच्या फाटकाशी बसमधून उतरतात आणि निवांत असतात. तिथून महालांपर्यंत चालायला पंधरा ते वीस मिनिटं लागतात, वाटेत आणखी एक तपासणी, आणि दाराबाहेर रांग.

म्हणून कुठल्या बाजूनं शिरायचं हे महत्त्वाचं. तिकीट मोबाइलवर असेल तर वरच्या खिडक्यांशी जायचं काही काम नाही. प्लाथा नुएवा या चौकातून ‘कुएस्ता दे गोमेरेथ’ हा चढाचा रस्ता धरला, की झाडीतून वीसेक मिनिटांत न्यायदरवाजा, ‘पुएर्ता दे ला हुस्तिथिया’, येतो. हा यूसुफ पहिला या सुलतानानं 1348 साली बांधला. बाहेरच्या मोठ्या कमानीच्या टोकावर कोरलेला हाताचा पंजा बघा, आतल्या कमानीवर किल्ली. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, काटकोनात वळत वर चढते. आपल्या गडांच्या महादरवाजांची वळणं आठवतात, कारणही तेच: शत्रूला धावत आत येता येऊ नये. इथून नासरी महाल पाच मिनिटांवर. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना मात्र हा चढ नको. इसाबेल ला कातोलिका चौकातून सी-30 ही छोटी लाल बस मिळते.

सकाळी दार साडेआठला उघडतं. माझी आवडती वेळ 10 किंवा 10:30, कारण मग क्रम छान लागतो: साडेआठला थेट अल्काथाबा, तिथल्या तोर्रे दे ला वेला बुरुजावर ऊन तापायच्या आत चढून यायचं, मग महाल, मग बाग. उलट केलं तर महालांतून बाहेर पडल्यावर बाग एका टोकाला, किल्ला दुसऱ्या टोकाला, आणि पायांचे तुकडे. तिन्ही ठिकाणी तिकिटाचा कोड तपासतात आणि प्रत्येक ठिकाणी एकदाच सोडतात. मूळ पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात ठेवावा. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून झेरॉक्स आणली, तर वाद घालायची वेळ येते.

पाठीवरची सॅक आत पुढे घ्यायला लावतात, नाहीतर वळताना भिंतीची नक्षी खरवडते. चाळीस सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत चालत नाही. ट्रायपॉड आणि फ्लॅश बंद. महालांत स्वच्छतागृह नाही, तेव्हा रांगेत उभं राहण्याआधी सम्राट कार्लोस पाचव्यानं नंतर बांधलेल्या राजवाड्याजवळ उरकून घ्यावं. हा राजवाडा बाहेरून चौकोनी आणि आत गोल अंगणाचा. महालांची रांग त्याच्या शेजारीच लागते, त्यामुळे मंडळी पांगली तर भेटायची खूण म्हणून उत्तम.

महालांतली वाट एकाच दिशेनं जाते, मागे फिरता येत नाही. पहिलं दालन मेशुआर. तिथे गर्दी तुंबते, कारण प्रत्येक जण पहिल्याच भिंतीचा फोटो काढतो. पाच मिनिटं कडेला थांबलं की तीनशे जणांचा लोंढा पुढे निघून जातो आणि मागच्या तुकडीच्या आधी मोकळी जागा मिळते. भिंत खालून वर वाचायची: कमरेपर्यंत रंगीत फरशांचे भौमितिक तुकडे, त्यावर कोरलेला गिलावा, आणि वर लाकूड. गिलाव्यात एक अरबी ओळ पुन्हा पुन्हा येते, ‘वा ला गालिब इल्ला अल्लाह’, म्हणजे ईश्वराखेरीज कुणी विजेता नाही. नासरी घराण्याचं हे ब्रीद. अक्षरं ओळखू येत नसली तरी तिचं वळण एकदा डोळ्यात बसलं की पुढे प्रत्येक दालनात ती सापडत जाते, आणि पोरांना हा खेळ फार आवडतो.

राजदूतांच्या दालनात मान वर. छत देवदाराच्या आठ हजारांहून अधिक तुकड्यांचं आहे, सात स्वर्गांच्या कल्पनेवर रचलेलं. उजेड खालून येतो, त्यामुळे आत शिरल्या शिरल्या ते काळंच दिसतं. डोळे सरावायला दोन मिनिटं द्यावीत. तेवढ्यात बहुतेक लोक निघून गेलेले असतात. सिंहांच्या अंगणात बारा सिंह, आणि सगळे कॅमेरे त्यांच्यावर. मी तिथे कमी थांबते आणि बाजूच्या दोन बहिणींच्या दालनात जास्त. त्याच्या घुमटात पाच हजारांच्या आसपास मुकर्नास आहेत, म्हणजे गिलाव्याचे टांगलेले छोटे कोनाडे, मधमाशांच्या पोळ्यासारखे. घुमटाच्या बुडाशी खिडक्यांची रांग आहे. ऊन सरकलं की सावल्या सरकतात आणि वरची नक्षी हलल्यासारखी वाटते. ढगाळ दिवशी हे होत नाही.

दिवसाचं तिकीट मिळालंच नाही तर? आधी रात्रीचं महालांचं तिकीट बघावं. रंग कमी दिसतात, पण गिलाव्याचा उठाव दिव्यांत जास्त कळतो. मग शहराचं ‘ग्रॅनडा कार्ड’ हा पास. त्यात अलाम्ब्राची वेळ धरलेली असते आणि त्याचा साठा वेगळा असतो. मग परवानाधारक गाइडबरोबरची सहल, महाग पण खरी. न्यायदरवाजा आणि कार्लोसचा राजवाडा विनातिकीट बघता येतात. समोरच्या अल्बाईथिन टेकडीवरचा सान निकोलासचा कट्टाही फुकट. तिथून सगळी अलाम्ब्रा आणि मागे सिएरा नेवादा डोंगररांगेवरचा बर्फ दिसतो. संध्याकाळी मोबाइल मात्र सांभाळा.

माद्रिदहून सकाळी निघून रात्री परत असा बेत मी कुणालाच सांगत नाही. रेल्वेला एका बाजूनं साडेतीन तासांच्या आसपास लागतात. गाडी अर्धा तास उशिरा आली की महालांची वेळ गेलीच. आदल्या रात्री ग्रॅनडात मुक्काम करावा.

हेनेरालीफे शेवटी ठेवायचं, कारण तिथे घाई नाही आणि पाय टेकायला जागा आहे. वरच्या बाजूला पाण्याचा जिना आहे, ‘एस्कालेरा देल आगुआ’. त्याच्या दोन्ही कठड्यांवरच्या पन्हळींतून पाणी वाहत खाली येतं. हे पाणी दार्रो नदीतून काही किलोमीटर लांबीच्या पाटानं आणलेलं, सुलतानांच्या काळातली सोय. तिथून खाली उतरलं की वरचं फाटक समोरच असतं. परतीची सी-30 तिथेच मिळते, आणि आता उतार असल्यामुळे चालत गेलात तरी चालेल.