तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात कुरूप कार्ड कुठलं?

कार्डांबद्दल मला दोन ठिकाणी विचारलं जातं. एक म्हणजे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात, तिळगूळ हातावर ठेवता ठेवता: "काय गं, बेसबॉलची कार्डं जमवतेस म्हणे? काय असतं त्यात बघण्यासारखं?" दुसरं ठिकाण म्हणजे न्यू जर्सीतल्या आमच्या गावाजवळच्या एका चर्चचं तळघर. तिथे जुन्या बेसबॉल कार्डांचा बाजार भरतो, म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेले पुठ्ठ्याचे छोटे तुकडे, जे पूर्वी च्युइंगगमच्या पाकिटात मिळायचे. घडीच्या टेबलांमागे सत्तरीतले आजोबा कॉफीचे कागदी पेले घेऊन बसतात आणि तासन्‌तास भांडतात की जुन्या कार्डांत सगळ्यात कुरूप डिझाइन कुठल्या सालचं. भांडण मिटेना की कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं. "तिला विचारा. तिचं बालपण इथलं नाही."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला जरा लागलंच. पण दोन-चार बाजार हिंडल्यावर त्यातली गोम कळली. ज्या साली माणूस दहा वर्षांचा होता, त्या सालच्या कार्डाला तो कुरूप म्हणत नाही. त्याच्या आधीचं सगळं जुनाट आणि नंतरचं सगळं भडक, हे ठरलेलं. मग अंपायर कुठून आणायचा? सांगलीहून आलेली बाई बरी.

मी यात पडले मुलामुळे. 1995 साली तो आठ वर्षांचा होता आणि त्याने पहिल्यांदा फ्लीअर कंपनीची कार्डं आणली. आदल्या वर्षी बेसबॉलच्या संघांचे सहा विभाग झाले होते, म्हणून कंपनीने सहा विभागांना सहा वेगवेगळी डिझाइनं दिली. खेळाडूच्या अंगावरून त्याची उंची आणि वजन मोठमोठ्या आकड्यांत, रंग एकमेकांच्या अंगावर धावून आलेले. आज बरेच जण ती आधुनिक काळातली सर्वांत वाईट कार्डं मानतात. आमचे चिरंजीव अजूनही फोनवर सांगतात, "आई, तो सेट भारी होता." बघा, नियम घरातच सिद्ध झाला. तो कॉलेजला गेला, बुटांच्या खोक्यातली कार्डं माझ्याकडे राहिली, आणि खोका रिकामा करायचा म्हणून बसले ती बसलेच.

मला या कार्डांत खेळाआधी छपाई दिसते. बाबांचा सांगलीला छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि दिवाळीच्या सुमारास कॅलेंडरं. पत्रिकेवर गणपती हवा, कलश हवा, सनई-चौघडा हवा, वर मावशीच्या नातवांची नावंही हवीत, अशी गिऱ्हाइकं यायची. बाबा मुकाट्याने छापून द्यायचे. त्यांचा राग एकाच गोष्टीवर असायचा: रंग हलला की. म्हणजे निळा, लाल, पिवळा आणि काळा हे चार रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत आणि गणपतीच्या सोंडेला दुसरी सोंड फुटली, की तो गठ्ठा सरळ रद्दीत.

म्हणून शिकागोच्या लीफ कंपनीची कार्डं पहिल्यांदा बघितली तेव्हा मला बाबांचा आवाज ऐकू आला. ही 1948-49 ची, सगळी मिळून 98. काळ्या-पांढऱ्या फोटोंवर सपाट, कच्चे रंग ओतलेले. ओठांचा लाल रंग गालावर, टोपीचा निळा कपाळावर. पण त्यातलंच एक पिवळ्याधमक पार्श्वभूमीचं कार्ड जॅकी रॉबिन्सनचं आहे. 1947 साली वर्णभेदाची भिंत ओलांडून मोठ्या स्पर्धांत उतरलेला हा काळा खेळाडू. चेहरा जेमतेम छापलाय, हसू मात्र पूर्ण आलंय. आजोबांपैकी दोघेजण लीफलाच सर्वांत कुरूप म्हणतात. माझ्या लेखी तो गरिबीचा दोष. घाईत, स्वस्तात, जमेल तसं काढलेलं काम. कुरूपपणाला थोडी ऐपत लागते.

ऐपत होती ती बोमन आणि टॉप्स या दोन च्युइंगगम कंपन्यांकडे. 1950 च्या दशकात त्यांचं खेळाडूंवरून जोरदार भांडण चाललं होतं. एकाच माणसाचं तोंड दोघांना हवं. ते थेट कोर्टात गेलं, आणि 1953 च्या निकालात माणसाच्या चेहऱ्यावर आणि नावावर त्याचा स्वतःचा व्यापारी हक्क असतो, असं न्यायाधीशांनी म्हटलं. अमेरिकन कायद्यात त्या हक्काला नाव मिळालं ते च्युइंगगमच्या भांडणातून. बाबांना हे सांगायला हवं होतं, फार आवडलं असतं.

त्या भांडणात बोमनने शेवटचा डाव टाकला तो 1955 चा. बाजारात रंगीत टीव्ही येऊन जेमतेम वर्ष झालेलं. बोमनने प्रत्येक खेळाडूला लाकडी टीव्हीच्या पेटीत बसवलं. 320 कार्डं, सगळीकडे लाकडाच्या रेषा, मध्ये काचेच्या पडद्यात माणूस. पहिल्या 64 कार्डांचं लाकूड फिकं, पुढचं गडद. कार्डं भरावीत म्हणून की काय, चक्क अंपायरही त्यात घेतले. मिल्ट आणि फ्रँक बोलिंग या दोघा सख्ख्या भावांच्या कार्डांच्या पाठी अदलाबदल होऊन छापल्या गेल्या (बेसबॉलमध्ये बोलिंग आडनावाचे भाऊ, ही गंमत तळघरात सांगून उपयोग नाही). पुढच्याच वर्षी टॉप्सने बोमन विकत घेतली.

तळघरात टीव्हीच्या या कार्डांना सर्वांत जास्त मतं पडतात. मला मात्र ती बघितली की आमच्या वाड्यात आलेला पहिला टीव्ही आठवतो. लाकडी पेटी, सरकती दारं, वर क्रोशाचा रुमाल. शेजारचे सगळे रविवारी सिनेमाला येऊन बसायचे. त्याला मी कुरूप म्हणू?

दुसरा मोठा आरोपी 1972 चा टॉप्स. तेव्हा ही 787 कार्डं काढणारे लोक काय पीत होते, हा तिथला ठरलेला विनोद. संघाचं नाव सिनेमाच्या पाटीसारखं फुगीर अक्षरांत, त्याखाली झगझगीत कमान आणि कमानीत खेळाडू. आजोबा त्याला थडग्याचा दगड म्हणतात. मला तर ती सरळ नवरात्रातल्या मंडपाची कमान वाटते, देवी तेवढी बसायची राहिलीय. भडक आहे, मान्य. पण ज्याने कुणी काढलं त्याने मनापासून काढलंय. शिवाय रंग हललेले नाहीत.

टॉप्सचंच 1963 मधलं नवोदितांचं कार्ड हा माझा खास मुद्दा आहे. एकाच कार्डावर चार वेगवेगळ्या संघांचे चार नवे खेळाडू, चौघांची नुसती मुंडकी, चार गोलांत. हे कार्ड बघितलं की आपल्याकडच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आठवतो. फक्त खाली 'शुभेच्छुक' लिहायचं राहिलंय. त्या चौघांतला एक पीट रोझ निघाला. पुढे त्याने 4,256 हिट्स (म्हणजे धावपट्टीवरचा पहिला तळ तरी गाठून देणारे फटके) मारले. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. आणि ते शुभेच्छुकांचं कार्ड आता माझ्या आवाक्याबाहेर गेलं.

टॉप्सची 1969 ची कार्डंही लोक नावं ठेवायला काढतात. टोप्याच नाहीत, जुने फोटो, मान आखडलेली. पण त्याचं कारण कळलं तेव्हापासून मी त्यांना नावं ठेवत नाही. टॉप्स खेळाडूला सही केली की 5 डॉलर द्यायची आणि वर्षाला 125. खेळाडूंच्या संघटनेचा नवा प्रमुख मार्विन मिलर, तो आधी पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये होता. त्याने खेळाडूंना सांगितलं, करार सुधारेपर्यंत टॉप्सच्या फोटोसाठी उभं राहू नका. मग कंपनीने जुने फोटो काढून वापरले. बोडकी डोकी कशासाठी? तर संघ बदललेला असला तरी चालावं म्हणून. शेवटी रक्कम दुप्पट झाली, 250, आणि विक्रीतला वाटाही मिळाला. ती कार्डं म्हणजे संपाचे फोटो आहेत. गिरणगावात ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना ती दाखवावीत.

आणि 1976 चा ऑस्कर गँबल? क्लीव्हलंडहून यांकीज संघात गेला, तर टॉप्सच्या रंगाऱ्याने जुन्या फोटोवर ब्रशने नवी टोपी रंगवली. गँबलचे केस म्हणजे डोक्याभोवती दोन्ही बाजूंनी फुटबॉलएवढे. त्यावर ती टोपी उखळावर वाटी ठेवावी तशी बसलीय. त्याला कुरूप म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. सगळे हसतात आणि सगळ्यांना ते हवं असतं.

"मग कुठलं? बाई, तुम्ही सांगा ना, कॉफी थंड होतेय," टेबलामागचे आजोबा म्हणाले.

1968. टॉप्स, 598 कार्डं. मी हे सांगितलं तेव्हा टेबलामागे एकदम शांतता पसरली, कारण 68 ला कुणी फारसं मत देत नाही. त्यात आरडाओरडा नाही. बरा फोटो, खाली नाव, उजवीकडे कोपऱ्यात रंगीत गोलात संघाचं नाव. आणि भोवती चारी बाजूंनी तरट. गोणपाट. पोत्याची वीण, तपकिरी रंगात, बारीक छापलेली. पहिल्या 109 कार्डांत ती वीण जरा वेगळी आहे, पुढे बदलली. म्हणजे मध्येच कुणीतरी बसून, हे पोतं नको, ते पोतं घेऊ, असा विचारही केला. ज्या साली पुढे खूप गाजलेल्या नोलन रायन आणि जॉनी बेंच या खेळाडूंची पहिली कार्डं आली, त्या साली त्यांना पोत्यात घातलं. बाबांच्या गिऱ्हाइकाला निदान गणपती हवा असायचा. इथे कुणाला काहीच नको होतं, नुसती जागा भरायची होती.

"पण पोत्यात एवढं वाईट काय आहे?" असं एका आजोबांनी विचारलं. ते 1968 साली दहा वर्षांचे होते, हे मी आधीच ओळखलं होतं.

मी त्यांना सांगलीचं मार्केट यार्ड सांगायला लागले. छापखान्याच्या मागेच एक गोदाम होतं, हळदीच्या पोत्यांची थप्पी छतापर्यंत. वाऱ्याने हळदीची पूड उडायची आणि ओल्या छपाईवर बसायची. बाबा खिडक्यांना तरटाचे पडदे लावायचे, मग पोत्याचे तंतू उडून शाईत चिकटायचे. शाळेतून आले की माझं काम एकच: चिमट्याने ते तंतू काढायचे, एकेका पत्रिकेवरून. लग्नसराईत रोज दोन-दोन तास.

आजोबा हसले. शेजारच्याला कोपर मारून म्हणाले, "बालपण नाही म्हणे हिचं." अंपायरकी त्या दिवशीच गेली.

जाताना त्यांनी मला 68 चं एक कार्ड फुकट दिलं. कुणा विसरलेल्या पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं), मागे गुलाबी गमाचा चौकोनी डाग. घरी येऊन भिंग लावून बघितलं. तरटाची रेघन्‌रेघ स्वच्छ, रंग एक केसभरही हललेला नाही. तेव्हापासून मी 68 चा पूर्ण सेट जमवतेय. अजून 37 कार्डं हवीत, रायन आणि बेंच धरून. तुमच्याकडे कुणाच्या तळघरात पडली असतील तर कळवा, डाग असले तरी चालतील.