तुम्ही विचारलंत म्हणून: फाइल समोर दिसतेय, तरी लिनक्स ‘फाइल नाही’ का म्हणतं?

प्रोग्रॅम डाउनलोड केला, त्याला चालवायची परवानगी दिली, त्याच फोल्डरमधून कमांड दिली, तरी टर्मिनलवर येतं ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. ‘एलएस’ केलं की फाइल तर दिसते. मग सापडत नाही ते नेमकं काय? हा प्रश्न वारंवार येतो आणि बहुतेक जण वैतागून फाइल पुन्हा डाउनलोड करतात. त्याचा काही उपयोग होत नाही.

सापडत नसतो तो लोडर. प्रोग्रॅमच्या पोटात आणखी एका छोट्या प्रोग्रॅमचा पत्ता लिहिलेला असतो. लागणाऱ्या लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड) मेमरीत आणून जोडणं हे त्या लोडरचं काम. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी त्याला शोधतो. दिलेल्या पत्त्यावर तो नसला की कर्नल ‘फाइल नाही’ असं कळवतो आणि शेल (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड घेणारा प्रोग्रॅम) त्यापुढे तुमच्या प्रोग्रॅमचं नाव लावून मोकळा होतो. म्हणजे तक्रार खरी आहे, नाव मात्र भलत्याचं लागतं. बॅश या शेलच्या ५.२ आवृत्तीत हा संदेश सुधारला आहे. तिथे ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ असं येतं, आणि ते बरंच बरं.

म्हणून पहिली कमांड ‘फाइल’, पुढे प्रोग्रॅमचं नाव. उत्तरात तो ३२ बिटचा की ६४ बिटचा, कोणत्या प्रोसेसरसाठी बांधलेला, आणि ‘इंटरप्रिटर’ या शब्दापुढे लोडरचा पत्ता, हे सगळं मिळतं. तो पत्ता तुमच्याकडे आहे का ते बघा. डेबियन किंवा उबुंटूच्या ६४ बिट सिस्टिमवर ३२ बिटचा प्रोग्रॅम असेल, तर डीपीकेजीला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या कमांडला, आय३८६ हे ३२ बिटचं आर्किटेक्चर जोडायला सांगा, ‘ॲप्ट अपडेट’ करा आणि लिबसी६ ची आय३८६ आवृत्ती घाला (लोडर त्याच पॅकेजात असतो). पत्त्यात ‘मसल’ (सी भाषेची एक छोटी मूळ लायब्ररी) दिसलं तर तो प्रोग्रॅम अल्पाइनसारख्या सिस्टिमसाठी बांधलेला आहे. त्याची जीलिबसीवाली फाइल घ्या. जीलिबसी म्हणजे उबुंटू-डेबियनसारख्या सिस्टिमवरची तशीच मूळ लायब्ररी. स्क्रिप्ट असेल आणि ती विंडोजवर लिहिलेली असेल, तर पहिल्या ओळीच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा पत्ता असतो त्या ओळीच्या, शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटलेलं असतं. ‘डॉसटूयुनिक्स’ने ते निघतं. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर बहुतेक वेळा प्रोसेसरच वेगळा असतो. ‘यूनेम -एम’ करून ताडून बघा.

लोडर सापडला की पुढची अडचण लायब्ररींची. ‘एलडीडी’ चालवा आणि ‘नॉट फाउंड’ लिहिलेल्या ओळी टिपून घ्या. फाइल अनोळखी ठिकाणाहून आणली असेल तर मात्र एलडीडी वापरू नका, कारण त्यात तो प्रोग्रॅम चालण्याची शक्यता असते. तिथे ‘ऑब्जडम्प -पी’ने ‘नीडेड’च्या ओळी वाचा. लायब्ररी कोणत्या पॅकेजात आहे ते ‘ॲप्ट-फाइल सर्च’ सांगतो.

सगळ्यांत जास्त दिसणारी एरर म्हणजे ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’. हाच आकडा सारखा का येतो? २०२१ च्या २.३४ आवृत्तीत प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवा आवृत्तीक्रमांक मिळाला. त्यामुळे त्या किंवा त्यानंतरच्या जीलिबसीवर बांधलेला अगदी साधा प्रोग्रॅमही सहसा किमान २.३४ मागतो. उबुंटू २०.०४ मध्ये २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५ आणि २४.०४ मध्ये २.३९. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही.

इथे हात जोडून सांगणं आहे: नव्या सिस्टिमची जीलिबसी उचलून जुन्या सिस्टिमवर टाकू नका. ‘एलएस’, ‘सीपी’, ‘सुडो’ सगळे तिच्यावरच उभे आहेत. ती अर्धवट बदलली की चूक दुरुस्त करायला लागणारी कमांडही चालत नाही, आणि लाइव्ह यूएसबीवरून बूट करावं लागतं. त्यापेक्षा त्या प्रोग्रॅमची जुन्या सिस्टिमसाठीची फाइल शोधा, सोर्समधून स्वतः बांधा, किंवा त्याचं फ्लॅटपॅक, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींसकट येणारं पॅकेज, घ्या. फ्लॅटपॅक स्वतःची जीलिबसी घेऊन येतो. ॲपइमेज (सगळा प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये) सहसा आणत नाही, त्यामुळे हीच एरर तिथेही येऊ शकते. ॲपइमेज ‘फ्यूज’साठी (ती फाइल फोल्डरसारखी उघडून देणाऱ्या सोयीसाठी) अडलं असेल तर उबुंटू २२.०४ वर लिबफ्यूज२ घाला, २४.०४ वर लिबफ्यूज२टी६४. नुसतं ‘फ्यूज’ हे पॅकेज घालू नका. २२.०४ वर ते फ्यूज३ काढून टाकतं आणि डेस्कटॉपचे काही भागही सोबत जाऊ शकतात.

आणखी एक उपाय सर्रास सुचवला जातो: लिबएसएसएल १.१ (ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची लायब्ररी) मिळत नाही ना, मग तिच्या आवृत्ती ३ ला १.१ च्या नावाची सिमलिंक, म्हणजे त्या फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव, द्या. नावातला तो आकडा बदलतो तेव्हा आतली फंक्शनं आणि त्यांची रचना जुळत नाही, हेच तो सांगत असतो. लिंक दिल्यावर ‘नॉट फाउंड’ जाईल, पण लोडर आवृत्ती जुळत नाही म्हणून अडेल. ओपनएसएसएल १.१.१ ला सप्टेंबर २०२३ नंतर मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यामुळे ती लायब्ररी सगळ्या सिस्टिमसाठी परत आणण्यापेक्षा तो एकच प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या लायब्ररींसह वेगळ्या चालणाऱ्या कप्प्यात, ठेवा.