आठ सेकंदांची तक्रार

एका संस्थेच्या परिसंवादाच्या चित्रीकरणाचे संकलन आमच्याकडे झाले होते आणि त्याची डीव्हीडी एनटीएससी या अमेरिकी व्हिडिओ पद्धतीची हवी होती. संकलनाच्या टाइमलाइनवर कार्यक्रम बरोबर दोन तासांचा होता. संस्थेच्या प्रतिनिधी बाईंनी मात्र तीच डिस्क प्लेअरमध्ये लावली, तेव्हा शेवटी १ तास ५९ मिनिटे ५२ सेकंद एवढीच वेळ दिसली. परिसंवादात काही वादग्रस्त विधाने झालेली होती, त्यामुळे त्या थेट कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "आठ सेकंदांत एक अख्खं वाक्य बसतं. कोणतं वाक्य कापलंत, तेवढं सांगा."

त्यांनी सोबत आणलेला कागद माझ्या दृष्टीने आरोपापेक्षा महत्त्वाचा होता. त्यावर प्रत्येक वक्त्याच्या सुरुवातीची आम्ही दिलेली वेळ आणि शेजारी प्लेअरवर दिसलेली वेळ अशी नोंद होती. अर्ध्या तासाच्या वक्त्यापुढे २९:५८, तासाच्या वक्त्यापुढे ५९:५६, दीड तासाच्या वक्त्यापुढे १:२९:५४. वाक्य कापले गेले असते, तर त्या जागेपर्यंत दोन्ही रकाने जुळले असते आणि तिथून पुढे फरक एकदम पडून तेवढाच राहिला असता. इथे तो दर अर्ध्या तासाला साधारण दोन सेकंदांनी वाढत होता, म्हणजे दोष चित्रात नसून मोजणीत होता.

हे तोंडी सांगून पटण्यासारखे नव्हते. म्हणून डिस्क सुरू करताक्षणी बाईंनी स्वतःच्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावावे, असे मी सुचवले. तासाभराने स्टॉपवॉचवर ६० मिनिटे पूर्ण झाली, तेव्हा प्लेअरच्या पडद्यावर ५९:५६ होते, आणि समोर त्याच वक्त्याची सुरुवात होत होती, ज्याच्यापुढे आमच्या टाइमलाइनवर एक तास लिहिलेला होता. घड्याळ आमच्या बाजूने होते. बाईंचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता: "मग प्लेअर खोटं का बोलतो?"

याचे मूळ १९५३ सालच्या एका तडजोडीत आहे. अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत मंजूर झाली, तेव्हा घरोघरी असलेले कृष्णधवल संच निकामी होऊ द्यायचे नव्हते. रंगाचा संकेत ध्वनीच्या संकेताशी अडखळून पडद्यावर जाळी उमटवू नये, म्हणून सेकंदाला ३० चौकटींचा (फ्रेमचा) वेग एक हजारांशाने कमी करून सुमारे २९.९७ केला गेला. चौकटी मोजणारा टाइमकोड मात्र अपूर्णांक लिहू शकत नाही; तो तिसाव्या चौकटीला सेकंद पूर्ण झाला असे धरतो आणि खऱ्या घड्याळाच्या तुलनेत तासाला ३.६ सेकंद, म्हणजे १०८ चौकटी, मागे पडतो.

संकलनयंत्रावर यासाठी 'ड्रॉप फ्रेम' नावाचा टाइमकोड वापरतात. त्यात दर मिनिटाच्या आरंभी ०० आणि ०१ हे दोन क्रमांक वगळले जातात, दर दहाव्या मिनिटाला मात्र वगळत नाहीत. तासात अशी ५४ मिनिटे येतात आणि १०८चा हिशेब जुळतो. नाव फसवे आहे खरे, पण त्यात एकही चौकट गळत नाही, गळतो तो फक्त क्रमांक. डिस्कवरच्या वेळेच्या नोंदीत ही वजावट नसते. आमच्या दोन तासांत २,१५,७८४ चौकटी होत्या. त्यांना सरळ ३० ने भागले की ७,१९२.८ सेकंद येतात, आणि पडद्यावर अपूर्णांक न दाखवणाऱ्या प्लेअरचे १:५९:५२ तिथूनच आले. सेकंदाला नेमक्या २५ चौकटी असलेल्या पाल या दुसऱ्या व्हिडिओ पद्धतीची डिस्क असती, तर हा प्रसंगच उद्भवला नसता.

मी संकलनाची शेवटची चौकट आणि डिस्कची शेवटची चौकट शेजारी शेजारी दाखवली. वक्त्याचे जोडलेले हात दोन्हीकडे त्याच उंचीवर थांबलेले होते. बाईंचा संशय फिटला. वक्त्यांच्या वेळांची यादी मात्र त्यांना प्लेअरवर दिसेल तशीच हवी होती, कारण पाहणारे प्लेअरवरच पाहणार होते, आणि ते मला पटले; आमच्या प्रत्येक वेळेतून हजारावा भाग वजा करून मी नवी यादी दिली. वेष्टनावरही १:५९:५२ छापावे, हा त्यांचा आग्रह मी मानला नाही. चित्रफीत चालते दोन तास, म्हणून तिथे दोन तासच छापले.