मानशीवर कोण असतं?

निवृत्तीनंतर मला वाटलं होतं, आता फोंड्यातल्या घरी अबोली लावायची आणि दुपारी झोपायचं. पण गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिच्या कॉलेजची पोरं आयजेमला उतरणार होती, त्यांना सेफ्टीसाठी कोणीतरी सूक्ष्मजीवशास्त्रातलं हवं होतं. आयजेम म्हणजे सिंथेटिक बायॉलॉजीची, म्हणजे जीवांची जनुकं बदलून त्यांच्याकडून हवं ते काम करून घेण्याची, स्पर्धा. २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत एक वर्ग म्हणून सुरू झाली, २००४ च्या पहिल्या स्पर्धेत जेमतेम ५ संघ होते. आता जगभरचे येतात.

पोरांची कल्पना छान होती. खाणींच्या गाळातून शेतात येणारं मॅंगनीज धरून ठेवणारा, जनुकं बदललेला ई. कोलाय जीवाणू. सगळं तयार होतं, अगदी 'किल स्विच'सुद्धा: लॅबमध्ये अरॅबिनोज साखर मिळतेय तोवर जीव जगतो, बाहेर ती मिळाली नाही की स्वतःच विषारी प्रथिन बनवून मरतो. मग एकाने हळूच विचारलं, "मॅडम, एक लिटर कल्चर खाजणाच्या एका कोपऱ्यात घालून बघितलं तर?" कल्चर म्हणजे वाढवलेल्या जीवाणूंचं पाणी, आणि खाजण म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन.

"नाही," म्हटलं. स्पर्धेचा नियमच आहे, बदललेला जीव लॅबबाहेर सोडायचा नाही. आपल्याकडे अशा जीवांसाठी १९८९ चे नियम आहेत, संस्थेची जैवसुरक्षा समिती आहे, आणि खुल्या जागेत सोडायचं तर थेट जीईएसी या केंद्र सरकारच्या समितीपर्यंत जावं लागतं. पोरांनी माना डोलावल्या. पण नियम सांगून गप्प बसवलेली पोरं पटलेली नसतात, हे पस्तीस वर्षांत शिकलेय. (आणि मी कुठल्या तोंडाने सांगणार? १९८७ साली एमएस्सीला असताना जीवाणू वाढलेल्या प्लेट्स ऑटोक्लेव्ह न करताच, म्हणजे दाबाच्या वाफेत जीवाणू न मारताच, मी बेसिनमध्ये धुतल्या होत्या. बस चुकेल म्हणून.)

म्हणून त्यांना घेऊन दुर्भाटच्या बाजूला खाजणात गेले. तिथे एक म्हातारे काका मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बघतात. पोरांनी पोचल्या पोचल्या मोबाइल रेकॉर्डिंगला लावले, ते आधी बंद करायला लावले. विचारा, कशासाठी ते सांगा, मग लावा. काका हसले, लाव म्हणाले.

मानशीचं दार लाकडी. ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं, भरतीला खारं पाणी ते आपोआप बंद करतं. पोरं खूश: "हा तर किल स्विच!" एकीने काकांना तो समजावूनही सांगितला, बरा समजावला. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दार आपशीच धांपता, खरें. पूण कुर्ली बांदाक बुराक मारता. मानस पळोवपाक कोण तरी जाय मरे." म्हणजे दार आपोआप बंद होतं खरं, पण खेकडा बांधाला भोक पाडतो, मानस बघायला कोणीतरी हवंच. मग विचारलं, तुमच्या त्या दारावर रात्रीचं कोण असतं?

कोणी बोललं नाही.

परतीच्या वाटेत गाडीत मी गणित घातलं. चांगल्या स्विचची अपेक्षा काय, तर दहा कोटी पेशींत एखादीच निसटावी. दाट कल्चरच्या एका मिलिलीटरमध्ये साधारण शंभर कोटी पेशी. मग लिटरभरात निसटणाऱ्या किती? मागच्या सीटवरून उत्तर आलं: दहा हजार. वर गंमत अशी की ज्या पेशीत स्विच बिघडला तीच जगते, तीच वाढते. बाकीच्या मरून तिला जागा करून देतात.

मॅंगनीजचं काम त्यांनी सोडलं नाही. आता खाजणाचं पाणीच कॅनमधून लॅबमध्ये आणतात, बंद नळीत भरलेल्या जेलच्या मण्यांत जीव अडकवतात, आणि काम झालं की सगळं १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये. सेफ्टी फॉर्ममध्ये 'स्विच असल्याने धोका नाही' असं एक वाक्य होतं, ते मी न सांगताच खोडलेलं दिसलं.

आणि स्विच खरोखर किती गळतो ते मोजायला अरॅबिनोज नसलेल्या प्लेट्स लावल्या; तिथे जी वाढेल ती निसटलेली. मंगळवारी सकाळी सहाला मला एका प्लेटचा फोटो आला. खाली लिहिलं होतं: "मॅडम, कुर्ल्या सापडल्या. सतरा."