बिलिंग सर्व्हर अपग्रेड केला, सेटिंग शाबूत राहिल्या : माझा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा बिलिंग सर्व्हर डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या आवृत्ती 11 वरून 12 वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. डेटाबेस मारियाडीबी. आधीच्या कुणीतरी जागा पुरेना म्हणून सगळा डेटा होम फोल्डरमध्ये हलवलेला, आणि ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटर जोडता यावेत म्हणून बाइंड ॲड्रेसही (डेटाबेस कोणत्या पत्त्यावर जोडण्या घेतो ती सेटिंग) बदललेला. नोंद अर्थातच कुठे नाही. मालकांची अट एकच : "सोमवारी माल निघायलाय, बिलं थांबायला नकोत."

बॅकअप घेतला आणि आधी डीपीकेजीचा, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज बसवणाऱ्या साधनाचा, व्हेरिफाय पर्याय चालवला. पॅकेजने दिलेली फाइल आणि आज डिस्कवर असलेली फाइल यांचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळला नाही, की तो त्या ओळीत 5 छापतो. पॅकेजने ती फाइल कॉन्फिगरेशनची म्हणून नोंदवलेली असेल, तर पुढे सी हे अक्षर येतं. सी असलेल्या ओळींची मला फिकीर नव्हती. सी नसलेली एकच ओळ आली, मारियाडीबी कशी सुरू करायची ते सांगणारी सर्व्हिस फाइल, आणि तिथे मी थांबलो.

सी असलेल्या फाइलसाठी डीपीकेजी तीन प्रती ताडून बघतं : जुन्या पॅकेजची, तुमची आणि नव्या पॅकेजची. फक्त तुम्ही बदल केला असेल तर तुमची राहते, फक्त पॅकेजने केला असेल तर नवी बसते. दोघांनीही केला असेल तरच ते विचारतं. सी नसलेल्या फाइलवर मात्र नवी प्रत मुकाट्याने बसते. या सर्व्हिस फाइलमध्ये प्रोटेक्टहोम ही सर्व्हिसपासून होम फोल्डर लपवणारी ओळ ट्रूची फॉल्स केलेली होती. ती परत ट्रू झाली असती, तर मारियाडीबीला होममधला डेटा दिसलाच नसता आणि सर्व्हिस उठलीच नसती. म्हणून सिस्टिमसीटीएल एडिट ही कमांड वापरून तेवढी एक ओळ ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरातल्या ओव्हरराइड फाइलमध्ये टाकली. पॅकेज तिथे हात लावत नाही.

अपग्रेड मध्येच थांबलं. मारियाडीबीच्या '50-सर्व्हर' नावाच्या सेटिंग फाइलबद्दल प्रश्न. मालक खांद्यावरून डोकावले.

"काय विचारायलंय हे?"

"तुमची सेटिंग ठेवू का कंपनीची बसवू, असं, अण्णा."

"आपलीच ठेवा की!"

नुसतं एंटर दाबलं तरी आपलीच राहते, पण मी आधी डी दाबून फरक पाहिला. डेटाची जागा आणि बाइंड ॲड्रेस या आपल्या दोन ओळी सोडल्या तर बाकी किरकोळ. मग एन दाबलं. नवी प्रत शेजारी डीपीकेजी-डिस्ट असं शेपूट लावून पडून राहते. वाय दाबलं असतं तर आपली प्रत डीपीकेजी-ओल्ड नावाने उरली असती. म्हणजे घाबरण्यासारखं तिथे फारसं काही नाही.

सर्व्हिस उठली, बिल निघालं. नंतर त्या दोन ओळी त्याच फोल्डरात 60 आकड्याच्या वेगळ्या फाइलमध्ये नेल्या. फाइली क्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची ओळ चालते, त्यामुळे पॅकेजची मूळ फाइल नवी कोरी ठेवता आली. मुळात हे असंच करायला हवं होतं.

जाता जाता, न लागणारा स्क्विड हा साइट अडवणारा प्रॉक्सीही काढला. साध्या रिमूव्हने प्रोग्रॅम जातो, ईटीसीतली सेटिंग राहते, आणि यादीत पॅकेजपुढे आरसी (काढलं, पण सेटिंग शिल्लक) दिसत राहतं. जुन्या फाइलमधले कोणती साइट बंद, कोणती चालू हे नियम मालकांना वाचून दाखवले. त्यातलं काहीच नको म्हणाले, तेव्हा पर्ज केला, म्हणजे सेटिंगसकट काढला.