सायलेन्सरमधून धूर येतोय? रंग नंतर, आधी वेळ बघा

आमच्या इथे ठाण्यात कोणाच्या गाडीतून जरा धूर दिसला की पार्किंगमधले सगळे निदान करायला तयार, निळा म्हणजे पिस्टनच्या रिंग गेल्या, पांढरा म्हणजे हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, त्याच्या खालचं पॅकिंग), आणि तो माणूस घाबरून थेट इंजिन खोलायला देतो. मला हे खरंच बघवत नाही. रंगावरून अंदाज येतो पण धूर नेमका केव्हा येतो ते बघितल्याशिवाय कोणाला पाना लावू देऊ नका.

निळसर म्हणजे ऑइल जळतंय, बरोबर. पण ते वरून, वॉल्व्हकडून येतंय, की खालून, रिंगकडून? रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केल्यावर भक्कन निळा धूर आला आणि थोड्या वेळात गायब झाला तर बहुतेक वॉल्व्ह सील (वॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे रबरी सील) कडक झालेत, ऑइल रात्रभर झिरपत राहतं. पेट्रोल गाडी असेल तर घोडबंदरवाल्यांना गायमुखचा घाट आहेच, पहाटे रस्ता मोकळा असताना उतारावर अॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच खाली येऊ द्या, सपाटीला आल्यावर रेस द्या आणि मागून येणाऱ्या मित्राला बघायला सांगा. थ्रॉटल बंद असताना इंजिन आत जोरात ओढतं, त्या ओढीने सीलमधून ऑइल उतरतं आणि रेस दिली की निळा लोट निघतो. तेच चढावर, लोडवर सतत येत असेल आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होत असेल तर रिंगवर संशय, तेव्हाही आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजतात) मागा. हा फरक महत्त्वाचा, कारण बऱ्याच इंजिनांत सील हेड न उतरवता बदलता येतात आणि रिंगसाठी सगळं खोलावं लागतं. पीसीव्ही वॉल्व्हपण (इंजिनच्या आत साठलेला गॅस परत जळायला पाठवणारा) बघून घ्या, स्वस्तातला पार्ट आहे, तो चोक झाला तरी निळा धूर येतो.

थंडीच्या सकाळी पांढरी वाफ आली तर काही नाही, एक लिटर पेट्रोल जळून जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, तेच ते. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर, गोडसर वास आणि कुलंट उतरतंय, मग मात्र हेड गॅस्केट, गाडी तिथेच बंद करा आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि ते कुलंट रस्त्यावर सांडू देऊ नका प्लीज, विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

काळा धूर डिझेलवाल्यांचा जास्त. आधी एअर फिल्टर, मग टर्बोचा होज (हवेचा पाइप) कुठे फाटलाय का, इंजेक्टर त्यानंतर. पण १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल कार काळा धूर सोडत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) फुटलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय. सेकंडहँड घेताय आणि असं दिसलं तर तो सौदा सोडा, मागे बाईकवर लहान मुलं असतात हो, ती तो धूर श्वासात घेतात.