गिअरबॉक्स आवळण्याआधी

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. जुने मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, वापरणारी मंडळी तुमच्यासारखीच मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारतात: स्टिअरिंगला फार प्ले (सैलपणा) आहे, गाडी सरळ ठेवण्यासाठी हात सतत हलवावा लागतो, तर स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सवरचा, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणाऱ्या दातेरी पेटीवरचा, दात्यांतली फट कमी करणारा स्क्रू थोडा आवळून घेतला तर चालेल का? माझे उत्तर असे, की त्या स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि बहुतेक गाड्यांत त्याला हात लावण्याची वेळच येत नाही.

आधी तक्रार नेमकी कोणती आहे ते ठरवावे, कारण ‘ढिले स्टिअरिंग’ या एकाच नावाखाली दोन वेगळी दुखणी येतात. स्टिअरिंग दोन-चार बोटे फिरवूनही चाक जागचे हलत नसेल, तर तो सांध्यांतला प्ले. स्टिअरिंग फिरवताच चाक वळते, पण रस्त्यावर गाडी आपली आपण डावी-उजवीकडे भरकटते, असे असेल तर दोष टायर, वजन किंवा अलाइनमेंट (चाकांचे कोन) यांत शोधावा लागतो. जुन्या गाडीत दोन्ही एकत्र असू शकतात, आणि म्हणूनच एक सुटा भाग बदलून समाधान न झालेले लोक दुसरा, मग तिसरा भाग बदलत राहतात.

भरकटण्याची तपासणी स्वस्त आहे, म्हणून ती आधी करावी. पाणी, सामान आणि माणसे धरून प्रत्येक अ‍ॅक्सलवर (चाकांच्या आसावर) किती वजन येते ते काट्यावर मोजावे आणि टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे त्या वजनाला लागणारी हवा भरावी. मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने उभेच असते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूवर छापलेल्या संकेतांकातले शेवटचे चार आकडे पाहावेत. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लांबवर जड सामान भरले असेल, तर पुढची चाके हलकी होतात आणि त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते. त्या गाडीचे सांधे कितीही नवे घातले तरी ती सरळ चालणार नाही.

प्ले शोधण्याची माझी पद्धत साधी आहे. गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर आणि सरळ, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढे-मागे ठोकळे. एकाने सीटवर बसून, इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग जेमतेम चाक हलेल इतकेच डावी-उजवीकडे हलवत राहायचे आणि दुसऱ्याने खाली शिरून, हलत्या भागांत हात अडकणार नाही याची काळजी घेत, एकेक सांधा पाहायचा: कॉलमच्या (स्टिअरिंगच्या दांड्याच्या) खालचे कपलिंग, गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट, त्यातून बाहेर येणारा पिटमन आर्म (पेटीचा हलता हात), त्याला जोडलेला दांडा म्हणजे ड्रॅग लिंक, असल्यास आयडलर आर्म (दांड्यांना आधार देणारा हात), आणि शेवटी टाय रॉड एंड, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा. जुन्या शेवरले पी-३० चॅसीवर (गाडीच्या सांगाड्यावर) बेलक्रँक, म्हणजे हालचालीची दिशा बदलणारा हातही आवर्जून पाहावा. डोळ्यांपेक्षा बोटावर अधिक भरवसा ठेवावा. दोन भाग जिथे जुळतात त्या फटीवर बोट टेकवले, की एक भाग हलतो आणि दुसरा क्षणभर मागे राहतो, हे नजरेला दिसण्याआधी बोटाला कळते.

गिअरबॉक्स चॅसीला ज्या बोल्टांनी बसवलेला असतो, तिथेही हात फिरवावा. माझ्या गाडीत दोष तिथेच निघाला होता. मी त्याआधी, तुमच्याप्रमाणेच घाई करून, स्क्रू अर्धा फेरा आवळला होता. प्ले तेवढाच राहिला आणि उलट वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासे झाले, जे ढिलेपणापेक्षा अधिक धोकादायक आहे. स्क्रू पूर्वीच्या जागी आणून पुन्हा खाली शिरलो, तेव्हा एका बोल्टाच्या वॉशरभोवती गंजाच्या रंगाची बारीक पूड दिसली. पत्नीने स्टिअरिंग हलवले की अख्खा गिअरबॉक्सच चॅसीवर केसभर सरकत होता. अशी पूड म्हणजे दोन धातू एकमेकांवर घासत असल्याची खूण. ती दिसली, तर आसपासच्या चॅसीला तडा गेला आहे का, तेही साफ करून पाहावे.

यानंतर पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडले, तर बेअरिंग, किंवा चाक ज्यावर वळते तो बॉल जॉइंट वा किंग पिन यांपैकी काहीतरी झिजलेले आहे. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. खडखड थांबली तर बेअरिंगकडे बोट जाते. टाय रॉड एंड बदलल्यावर नट सुटू न देणारी स्प्लिट पिन नवीच घालावी आणि भोक जुळत नसेल तर नट सैल न करता पुढे आवळूनच ते जुळवावे. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचा धक्काशोषक) नवा बसवून हादरे कमी होतात, पण प्ले जात नाही, तो फक्त लपतो, म्हणून तो उपाय मी आधी कोणाला सुचवत नाही.

बाकी सगळे निर्दोष असूनही गिअरबॉक्सच्या आतच प्ले उरला, तरच स्क्रूचा विचार करावा. अशा गिअरबॉक्सचे दाते मध्यावर, म्हणजे चाके सरळ असताना, मुद्दाम घट्ट ठेवलेले असतात आणि सरळ चालण्यात झीजही तिथेच जास्त होते. मध्यावरची झीज भरून काढण्यासाठी स्क्रू फार आवळला, तर दाते अडकून झिजतात. म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली पद्धत आणि माप सोडून अंदाजाने आवळू नये. तेवढ्याने भागत नसेल, तर गिअरबॉक्स नव्याने बांधून घ्यावा.

अलाइनमेंट मात्र या सगळ्याच्या शेवटी, आणि गाडीत नेहमीचे सामान भरलेले असतानाच करून घ्यावी. टाय रॉडला हात लागला की टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची पुढची टोके किती आत वळलेली आहेत ते माप, बदलतेच. शिवाय पुढची स्प्रिंग दबून खाली बसलेली असेल तर कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी होतो आणि स्टिअरिंगची सरळ येण्याची ओढ मंदावते, म्हणून केवळ टो-इन न पाहता कॅस्टरही मोजून मागावा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर खाली शिरून बदललेला प्रत्येक नट आणि गिअरबॉक्सचे बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.